मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

अमेरिकेत ६ फेब्रुवारी २०२० पासून एक आदेश अमलात आला. ज्या ई-सिगारेटमध्ये, म्हणजे व्हेपमध्ये, आधीच भरलेली कुपी, म्हणजे पॉड, खोचावी लागते, त्या पॉडमध्ये तंबाखू आणि मेंथॉल सोडून दुसरा कुठलाही फ्लेवर विकला तर कारवाई होईल, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, जाहीर केले. मुले मुख्यतः पॉडच वापरतात, हे त्यामागचे कारण होते आणि ते खरेही होते. मात्र दोन प्रकारांना तूर्त हात लावायचा नाही असे त्याच आदेशात ठरले. एक, टाकीत द्रव ओतून वापरायची मोठी यंत्रे; आणि दुसरा, संपल्यावर फेकून द्यायचे डिस्पोजेबल व्हेप.

पुढे काय झाले हे शाळकरी मुलांच्या तंबाखूसेवनाच्या तिथल्या वार्षिक पाहणीत नोंदलेले आहे. व्हेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांमध्ये डिस्पोजेबल वापरणारी २०१९ मध्ये २.४ टक्के होती. २०२० मध्ये ती २६.५ टक्के झाली. या उडीची सुरुवात आदेशाच्या थोडी आधीच झाली होती, कारण जूल या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंपनीने आंबा, काकडी, पुदिना असे फ्लेवर २०१९ च्या अखेरीस स्वतःच मागे घेतले होते. आदेशाने ती वाट पक्की केली. २०२१ च्या पाहणीत व्हेप ओढणारी निम्म्याहून अधिक मुले डिस्पोजेबलवर होती आणि पफ बार हा ब्रँड पहिल्या क्रमांकावर होता. आंब्याचा पॉड गेला, आंब्याचे डिस्पोजेबल आले, आणि तेही संपल्यावर बॅटरीसकट कचऱ्यात जाणारे.

फ्लेवर्ड व्हेपवर बंधन असू नये, असे मला म्हणायचे नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला निकोटिनची सवय लावणे हा धंदा म्हणून हिणकस आहे आणि तो रोखण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप या कायद्यांच्या घडणीला आहे. एखादी वस्तू वाईट आहे एवढे सिद्ध झाले की ती बंद करायची, आणि ती ओढणारा माणूस उद्या काय ओढेल याचा हिशेब मांडायचाच नाही, अशी ही घडण आहे. व्हेपच्या बाबतीत तो हिशेब टाळता येत नाही, कारण त्याच काउंटरवर, त्याच विक्रेत्याच्या मागच्या फळीवर, सिगारेट ठेवलेली असते.

आधी फ्लेवर नेमके काय करतो ते पाहू. व्हेपमधल्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद-रसायने असतात. निकोटिन मूळ रूपात घशाला झोंबते. त्यामुळे जुन्या ई-सिगारेटमध्ये ते फार घालता येत नसे. जूलने २०१५ मध्ये निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला, झोंबणे गेले, आणि वजनाच्या ५ टक्के, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम इतके निकोटिन एका छोट्या पॉडमध्ये मावले. उरलीसुरली कडवट चव फळांच्या आणि पुदिन्याच्या स्वादाने झाकली. मुलाला पहिला झुरका घ्यायला लावतो तो फ्लेवर. दुसऱ्या महिन्यात सकाळी उठल्याउठल्या हात खिशाकडे जातो तो निकोटिनमुळे. युरोपीय संघाने २०१४ च्या आपल्या निर्देशात निकोटिनवरच मर्यादा घातली: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, टाकी २ मिलिलिटरची. अमेरिकेने तशी मर्यादा घातली नाही. २०१७ मध्ये ११.७ टक्के हायस्कूलची मुले व्हेप ओढत होती, २०१८ मध्ये २०.८ टक्के, आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के. दोन वर्षांत दुपटीहून जास्त.

निकोटिनची मर्यादा असती तर सगळे टळले असते असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये ती मर्यादा होतीच. तरीही २०२१ नंतर रंगीबेरंगी, स्वस्त डिस्पोजेबल आल्यावर तिथल्या मुलांमध्येही व्हेपिंग वाढले. म्हणजे स्वाद, मात्रा, किंमत, खिशात लपणारा आकार आणि कुठेही मिळणे या सगळ्यांनी मिळून हे होते. त्यातला एकच धागा ओढून गुंता सुटत नाही. तरी कायदे फ्लेवरचाच धागा ओढतात, कारण तो दिसतो. ‘मदर्स मिल्क अँड कुकीज’ या नावाचा व्हेपचा द्रव, आणि तोही ‘सुइसाइड बनी’ या ब्रँडचा, खरोखर विकला जात होता. असले नाव वाचून कुठल्याही आईबापाचे पित्त खवळेल. लोकप्रतिनिधीला भाषणात निकोटिन क्षारांचे रसायनशास्त्र सांगता येत नाही. हे नाव वाचून दाखवता येते.

पळवाटांची कहाणी पफ बारवर थांबत नाही. २०२१ च्या सुरुवातीला हाच ब्रँड नव्या दाव्यासह परतला: आमच्यातले निकोटिन तंबाखूच्या पानातले नाही, प्रयोगशाळेत बनवलेले आहे. कायद्यातल्या व्याख्येनुसार एफडीएचा अधिकार तंबाखूपासून बनलेल्या वस्तूंवर होता. ओढणाऱ्याच्या मेंदूला पानातले निकोटिन आणि प्रयोगशाळेतले निकोटिन यांत फरक कळत नाही, कायद्याला मात्र कळत होता. ही फट बुजवायला अमेरिकी काँग्रेसला मार्च २०२२ पर्यंत वेळ लागला. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ मध्ये मेंथॉलसह सगळ्या स्वादांच्या तंबाखूवर बंदी आली, तेव्हा अशाही सिगारेटी बाजारात आल्या ज्यांना मेंथॉलचा वास नव्हता पण घशात गारवा तसाच होता. गारव्याची संवेदना देणारी कृत्रिम रसायने वासाशिवायही मिळतात. कायदा वासाबद्दल आणि चवीबद्दल बोलत होता, गारव्याबद्दल नाही. राज्याने २०२४ मध्ये दुसरा कायदा करून गारवाही त्यात आणला.

प्रत्येक फट बुजवताना सरकार प्रामाणिक असते असे मानू. तरीही या पद्धतीचा एक परिणाम ठरलेला आहे: जो ब्रँड झटपट नाव, कंपनी आणि वेष्टन बदलू शकतो तो टिकतो, आणि जो पत्ता देऊन, अर्ज करून, तपासणीला तयार राहून धंदा करतो तो बुडतो. २०१६ च्या नियमाने अमेरिकेत प्रत्येक व्हेप उत्पादनाला विक्रीपूर्व मंजुरी सक्तीची केली. वस्तू ‘सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणास योग्य’ असल्याचे कंपनीने सिद्ध करायचे. एफडीएने लाखो उत्पादनांचे अर्ज फेटाळले. जुलै २०२५ पर्यंत मंजुरी मिळालेली उत्पादने होती फक्त ३९, सगळी तंबाखूच्या किंवा मेंथॉलच्या स्वादाची.

ती मंजुरी कोणाला मिळाली हे जास्त बोलके आहे. व्ह्यूज, लॉजिक, एनजॉय आणि जूल हे ते चार ब्रँड. व्ह्यूज रेनल्ड्स या सिगारेट कंपनीचा, लॉजिक जपान टोबॅकोचा. एनजॉय मार्लबोरो विकणाऱ्या ऑल्ट्रिया कंपनीने २०२३ मध्ये सुमारे २.७५ अब्ज डॉलरना विकत घेतला. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, हीच ऑल्ट्रिया १२.८ अब्ज डॉलर मोजून जूलमध्ये ३५ टक्क्यांची भागीदार झाली होती. २०२३ मध्ये तिने तो हिस्सा सोडला तेव्हा त्याची किंमत पाव अब्जाच्या आसपास उरली होती. म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी उभ्या केलेल्या चाळणीतून मुख्यतः सिगारेट कंपन्याच पार पडल्या. एका उत्पादनाच्या अर्जामागे लागणारे अभ्यास, चाचण्या आणि वकील परवडतात ते त्यांनाच. यात कारस्थान शोधायची गरज नाही. चढा खर्च लावून केलेले नियमन बड्या खेळाडूंच्या पथ्यावर पडते, हे औषधांपासून बँकांपर्यंत दिसते. मात्र सिगारेट कंपन्यांना पर्यायी उत्पादनाची जवळजवळ मक्तेदारी बहाल करणे हे आरोग्य धोरणाचे यश म्हणून मिरवू नये एवढेच.

आणि कायदेशीर बाजार असा आवळल्यावर उरलेला बाजार कुठे गेला? डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावरच्या मालवाहू विभागात सुमारे १४ लाख बेकायदा व्हेप पकडले गेले. कागदोपत्री त्यांतले पुष्कळसे बूट आणि खेळणी होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिकागोत सुमारे २० लाख, आणि त्याच वर्षी पुढे तिथेच ४७ लाख. पकडला गेलेला माल असा असेल तर न पकडलेल्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. २०२४ च्या पाहणीत व्हेप ओढणाऱ्या मुलांपैकी ८७.६ टक्के फ्लेवर्ड वापरत होती आणि सर्वांत लोकप्रिय ब्रँड होता एल्फ बार, ज्याला अमेरिकेत कधीच मंजुरी नव्हती. ज्या फळांच्या आणि मिठाईच्या स्वादांवर एवढा खल झाला, त्यांतल्या एकालाही परवानगी नसताना मुलांच्या हातात बहुतेक तेच होते.

यातला बहुतेक माल येतो चीनमधून, मुख्यतः शेनझेन शहरातून. चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात तंबाखूखेरीज इतर स्वादाचे व्हेप विकायला मनाई केली. निर्यातीला मात्र ती लागू नाही. व्हेपवर देखरेख करणारी तिथली संस्था तंबाखूच्या सरकारी मक्तेदारीचीच आहे, आणि जगातली सर्वांत मोठी सिगारेट उत्पादक कंपनीही तिच्याच छत्राखाली आहे. आपल्याकडचे लोक सिगारेटकडेच राहावेत आणि टरबुजाचा स्वाद परदेशी जावा, ही व्यवस्था त्यांच्या दृष्टीने फार सोयीची.

बंदीच्या बाजूने एक आकडा आहे आणि तो भक्कम आहे. अमेरिकेत व्हेप ओढणारी शाळकरी मुले २०१९ मध्ये ५३ लाखांहून अधिक होती; २०२४ मध्ये १६ लाख. मुलांमधले सिगारेटचे प्रमाणही त्या वर्षी १.४ टक्के, पाहणीच्या इतिहासात सर्वांत कमी. बंदी फसली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा गिळून पुढे जायचे नाही. पण त्या पाच वर्षांत आणखीही बरेच घडले. डिसेंबर २०१९ मध्ये तंबाखू खरेदीचे किमान वय देशभर २१ झाले. कोविडने शाळांची स्वच्छतागृहे, म्हणजे व्हेप ओढण्याचा मुख्य अड्डा, बराच काळ बंद ठेवली. जूलवर खटल्यांचा पाऊस पडला. जाहिरातींविरुद्धच्या मोहिमा झाल्या. आणि कुठलीही किशोरवयीन फॅशन काही वर्षांत शिळी होते ती झाली. यातले श्रेय कोणाला किती, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

मुलांच्या आकड्याशेजारी मोठ्यांचा आकडा ठेवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचे आहे. सिगारेटमध्ये माणसाला अडकवते ते निकोटिन. मारतो तो धूर. जळणाऱ्या पानातून टार, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक द्रव्यांचा लोंढा येतो, आणि जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे तंबाखूमुळे मरतात. व्हेपमध्ये जळणे नाही. ते निरुपद्रवी नाही, पण सिगारेटपेक्षा त्यातून शरीरात जाणारे विष खूपच कमी आहे, यावर ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थांनी वारंवार मत दिले आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या एका चाचणीत, सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के वर्षभराने सिगारेटमुक्त होते. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष व्हेपचे समर्थक सांगत नाहीत: ई-सिगारेटच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाने व्हेप ओढतच होते. एक व्यसन सुटले, दुसरे राहिले. तरी चाळीस वर्षे सिगारेट ओढलेल्याच्या फुप्फुसाला या अदलाबदलीत नफाच आहे.

आता या माणसाला फ्लेवर का लागतो? कारण त्याला सिगारेटच्या चवीपासून सुटायचे असते. दारू सोडणाऱ्याला दारूच्या वासाचे सरबत कोणी पाजत नाही. व्हेपकडे वळलेले बरेच प्रौढ काही काळाने तंबाखूच्या स्वादावरून फळांच्या, गोड स्वादांकडे जातात, आणि मग सिगारेट त्यांना घाणेरडी लागू लागते. त्यांच्यापुढे तंबाखूचा स्वाद तेवढा शिल्लक ठेवला, तर काही जण तोच ओढतील, काही सगळेच सोडतील, काही चोरट्या बाजारात जातील, आणि काही सिगारेटकडे परततील. प्रश्न एवढाच की ‘काही’ म्हणजे किती.

येल विद्यापीठातल्या अबिगेल फ्रीडमन यांनी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथे २०१८ मध्ये मतदारांच्या कौलाने सगळ्या फ्लेवर्ड तंबाखूवर बंदी आली होती. बंदीनंतर इतर जिल्ह्यांच्या तुलनेत तिथल्या शाळकरी मुलांनी सिगारेट ओढण्याची शक्यता दुपटीहून जास्त झाली, असा तिचा निष्कर्ष. बंदीविरोधकांनी तो झेंड्यासारखा नाचवला. पण दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की ती माहिती २०१८ च्या शेवटी गोळा झाली होती आणि बंदीची खरी अंमलबजावणी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तो निष्कर्ष मी तरी आता वापरणार नाही. त्यानंतरचे काम अधिक पक्के वाटते. फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी अनेक राज्यांतले आणि शहरांतले दुकानांच्या विक्रीचे आकडे तपासले. फ्लेवर बंदीमुळे ०.७ मिलिलिटरचा एक पॉड कमी खपला, तर त्यामागे १२ ते १५ सिगारेटी जास्त खपल्या. सुमारे एका पाकिटाचे निकोटिन एका पॉडमध्ये असते हे लक्षात घेतले, तर ही अदलाबदल जवळजवळ समोरासमोरची आहे.

इथे मोठ्यांसाठी मुलांचा बळी द्यायचा का, असा प्रश्न हमखास येतो. उलटाही येतो. हा तराजू खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. पण कायद्याला तो तराजू इतका अवघड का झाला, याचे उत्तर सिगारेटच्या कायद्यात सापडते. अमेरिकेने २००९ मध्ये सिगारेटमधले फळांचे आणि मिठाईचे स्वाद बंद केले आणि मेंथॉल वगळले. मेंथॉल म्हणजे घसा बधिर करून धूर सोपा करणारा, नव्या ओढणाऱ्याला सर्वांत सोयीचा स्वाद. एफडीएने तो बंद करण्याचा मसुदा एप्रिल २०२२ मध्ये आणला, बायडेन सरकारने तो लांबणीवर टाकला, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. २०२५ मध्ये तिथे आंब्याचा व्हेप बेकायदा आणि मेंथॉलची सिगारेट कायदेशीर होती. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तो असा.

मॅसॅच्युसेट्सने निदान सुसंगती दाखवली. तिथे २०१९ च्या कायद्याने फ्लेवर्ड व्हेप आणि २०२० पासून मेंथॉल सिगारेट दोन्ही गेले. मग शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधून गाड्या भरून माल येऊ लागला, हे राज्याच्याच कृतिदलाच्या अहवालांत आहे. एका राज्याने बंदी घालायची आणि पुढच्या राज्याने दुकान मांडायचे, याला नियमन म्हणत नाहीत.

ऑस्ट्रेलिया सर्वांत टोकाला गेला. १ जुलै २०२४ पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानात, आणि तोही मिंट, मेंथॉल किंवा तंबाखू या तीनच स्वादांत. सिगारेट मात्र साध्या दुकानात, पूर्वीसारखीच. औषध दुकानदारांतल्या अनेकांना हे काम नकोच होते. दरम्यान सिगारेटवरचा कर जगातल्या सर्वांत चढ्या करांपैकी एक झालेला. परिणाम असा की बेकायदा तंबाखू आणि व्हेपच्या धंद्यावरून टोळ्यांची भांडणे पेटली. एकट्या व्हिक्टोरिया राज्यात २०२३ पासून अशा दुकानांना आगी लावण्याचे शंभरहून अधिक प्रकार झाले. भारताने २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात सगळेच बंद केले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार तेव्हा देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते आणि ई-सिगारेट ०.०२ टक्के. मुलांमध्ये पसरण्याआधीच दार लावले, या युक्तिवादात तथ्य आहे. पण सिगारेट आणि विडी त्याच घरात ऐसपैस बसलेली असताना लावलेले हे दार आहे, हेही तितकेच खरे.

बंदीच्या घाईचा सर्वांत महागडा नमुना २०१९ मध्येच दिसला होता. अमेरिकेत तरुण माणसे व्हेप ओढून फुप्फुसाच्या गंभीर आजाराने रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरनी चार महिन्यांसाठी सगळ्या व्हेपची विक्री थांबवली. तपासात मुख्य दोषी निघाले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट: गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या चोरट्या कुप्यांत द्रव दाट दिसावा म्हणून मिसळलेले तेलकट द्रव्य. ज्याच्यावर कोणाची देखरेख नव्हती त्या मालाने माणसे मेली, आणि त्या भीतीतून आवळला गेला देखरेखीखाली आणता येणारा माल. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. नंतरही कित्येक वर्षे लोकांच्या मनात ‘निकोटिनचा व्हेप सिगारेटइतकाच घातक’ ही समजूत घट्ट बसली ती तिथूनच.

या प्रकरणातून निघणारा धडा मला स्वादांच्या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. फ्लेवरमध्ये खरा धोका आहे, आणि तो मुलांना आकर्षित करण्यापुरता नाही. खाण्यासाठी सुरक्षित ठरलेले रसायन श्वासातून सुरक्षित असतेच असे नाही. लोण्याचा वास देणारे डायअसेटिल पोटात गेले तर काही होत नाही. पण मिझुरीतल्या एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगलेल्या कामगारांच्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्या कायमच्या बुजल्या. ते प्रकरण २००० मध्ये उघडकीला आले. दालचिनीचा वास देणारे सिनामाल्डिहाइड प्रयोगशाळेत पेशींना मारक ठरले आहे. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात डायअसेटिल घालायला बंदी आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे तपासता येते, कारण तो द्रव कोणी बनवला, त्यात काय आहे, याची नोंद सरकारकडे करावी लागते. बूट म्हणून उतरवलेल्या खोक्यातल्या व्हेपमध्ये काय आहे हे कोण तपासणार?

न्यूझीलंडचा मार्ग मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो, त्याच्या चुकांसकट. २०२० च्या कायद्याने तिथे साध्या दुकानांत तंबाखू, मिंट आणि मेंथॉल एवढेच ठेवले. बाकीचे स्वाद फक्त परवानाधारक खास दुकानांत, जिथे १८ वर्षांखालील कोणाला पाऊल टाकता येत नाही. रोज सिगारेट ओढणारे प्रौढ २०११-१२ मध्ये १६ टक्क्यांवर होते, २०२३-२४ मध्ये ६.९ टक्के. पण कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी आपल्याच दुकानात भिंत घालून ‘खास दुकान’ थाटले, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत रोज व्हेप ओढणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये दहात एक इतके झाले. मग फ्लेवरच्या नावांवर बंधने आली, शाळांजवळ नव्या दुकानांना मनाई झाली, आणि जून २०२५ पासून डिस्पोजेबल बंद. मुलांचे प्रमाण उतरू लागले आहे. तिथल्या सरकारने स्वाद पूर्ण बंद केले नाहीत. ते कुठे, कोणाला, कोणत्या नावाने मिळतात यावर पकड घट्ट करत नेली. चूक झाल्यावर ती दुरुस्त करता आली, कारण बाजार अजून डोळ्यांसमोर होता.

तेव्हा माझे मत असे. व्हेप सिगारेटपेक्षा मिळायला कधीही अवघड असता कामा नये. ज्या सरकारला व्हेपचे स्वाद बंद करायचे असतील त्याने आधी सिगारेटमधला मेंथॉल बंद करावा आणि सिगारेट विकायची दुकाने कमी करावीत. हे राजकीयदृष्ट्या जमत नसेल, तर व्हेपवरचा आवेश पोकळ आहे. स्वाद मोजकेच ठेवावेत, तपासलेल्या रसायनांचे, साध्या पाकिटात, ‘फळ १’ किंवा ‘पुदिना’ अशा कंटाळवाण्या नावांनी, प्रौढांच्याच दुकानात. निकोटिनला युरोपसारखी मर्यादा असावी. डिस्पोजेबल नकोतच, त्यासाठी बॅटरीचा कचरा हेही पुरेसे कारण आहे, जरी ब्रिटनमध्ये जून २०२५ च्या बंदीनंतर त्याच ब्रँडची चार्ज करता येणारी जुळी भावंडे लगेच फळीवर आली. आणि छोट्या उत्पादकाला परवडेल अशी मंजुरीची वाट हवी, नाहीतर मैदान सिगारेट कंपन्या आणि तस्कर या दोघांतच वाटले जाते.

यावर उद्योग गैरफायदा घेईल, असा आक्षेप आहे. घेईलच. जूलचा इतिहास विसरून कोणी या धंद्यावर विश्वास ठेवू नये. पण परवाना काढून घेता येतो, दंड वसूल करता येतो, खटला भरता येतो. जूलने अमेरिकी राज्यांशी कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी केल्या त्या तिला पत्ता होता म्हणून. नाव बदलून पुढच्या आठवड्यात उभ्या राहणाऱ्या आयातदारावर खटला भरायचा तर नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची?

कुठलाही फ्लेवर कायदा करताना त्यातच एक कलम घालावे असे मला सुचवायचे आहे: एका वर्षाने तीन आकडे एकत्र प्रसिद्ध करायचे. मुलांमधले व्हेपिंग, सिगारेटची एकूण विक्री, आणि पकडलेला बेकायदा माल. सध्या हे आकडे वेगवेगळ्या खात्यांकडे असतात आणि ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. अमेरिकेत तर एप्रिल २०२५ मधल्या कर्मचारी कपातीत रोग नियंत्रण केंद्राचे धूम्रपान व आरोग्य कार्यालयच जवळजवळ रिकामे झाले. मुलांची वार्षिक पाहणी वर्षानुवर्षे याच कार्यालयाच्या हातून होत आली होती. त्याच आठवड्यात, २ एप्रिलला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एफडीएने फ्लेवर्ड व्हेपचे अर्ज फेटाळताना कंपन्यांना अंधारात ठेवले नव्हते, असा निकाल एकमताने दिला. नकार देण्याचा अधिकार शाबूत राहिला, आणि त्या नकाराने काय साधले हे मोजणारी माणसे घरी गेली.